पणजोबांची बोट महायुद्धात कुठे कुठे गेली? शोध कसा घ्यायचा, अगदी पहिल्यापासून

दापोली, गुहागर, राजापूर, वेंगुर्ला, खाली गोवा, आणि मुंबईत डोंगरी, माझगाव, धोबीतलाव, ह्या पट्ट्यात अशी शेकडो घरं आहेत जिथे "आमचे पणजोबा आगबोटीवर होते, दुसऱ्या महायुद्धात होते" एवढं एकच वाक्य पुढच्या पिढीकडे आलंय. कुठली बोट, कुठून कुठे गेली, काही पत्ता नाही. आणि लोक गृहीत धरतात की ते आता कळणारच नाही. तसं नाहीये. ब्रिटिश झेंड्याखालची व्यापारी बोट असेल, आणि आपली माणसं बहुतेक करून त्यांच्यावरच होती, तर १९३९ ते १९४५ मध्ये ती कुठल्या बंदरात कधी लागली आणि कधी सुटली हे बऱ्याचदा तारखेनिशी मिळतं. घरबसल्या, थोडे पैसे आणि भरपूर चिकाटी खर्च करून.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या, आधी बोट शोधायची, मग माणूस. नवीन लोक बरोब्बर उलटं करतात. ते "शेख इब्राहिम रत्नागिरी" नाहीतर "डिसोझा गोवा" असं टाकून बसतात आणि चार रात्रींत कंटाळून सोडून देतात. त्या काळातल्या सरकारी कारकुनाला खलाशाच्या नावात रस नव्हता, बोटीत होता. बोटीचा विमा होता, कोळसा होता, माल होता, म्हणून बोटीचे कागद नीट राहिलेत. त्या कागदांचा हात धरूनच माणसापर्यंत जायचं.

सुरुवात घरातून

पहिली वस्तू शोधायची ती नोकरीची वही, म्हणजे सीडीसी, जुनी माणसं तिला नल्ली म्हणायची. पत्र्याच्या ट्रंकेत, देवघराच्या फळीवर, कुराणाच्या किंवा बायबलच्या कापडात गुंडाळलेली, कुठेही असू शकते. त्यात प्रत्येक नोकरीची एक ओळ असते: बोटीचं नाव, तिचा ऑफिशियल नंबर, कुठल्या तारखेला कुठे चढला, कुठल्या तारखेला कुठे उतरला, हुद्दा काय. सफर कुठली ह्या रकान्यात मात्र बहुतेक वेळा नुसतं "फॉरेन" लिहिलेलं असतं, त्याने निराश होऊ नका. चढल्याची आणि उतरल्याची तारीख मिळाली की मधली पोकळी भरायचं काम बाकीचे कागद करतात.

वही नसेल तर मेडल बघा. अटलांटिक स्टार, आफ्रिका स्टार, बर्मा स्टार ही नुसती शोभेची पदकं नाहीत, कुठल्या समुद्रात काम केलं त्यावर ती मिळायची, म्हणजे समुद्र तरी कळतो. पहिल्या महायुद्धातल्या व्यापारी खलाशांना ब्राँझचं मर्कंटाइल मरीन वॉर मेडल होतं, ते सापडलं तर तुमचा शोध १९१४ ते १९१८ मध्ये आहे हे कळलं. पत्रं असतील तर पाकिटावरचे शिक्के आणि सेन्सॉरची पट्टी दोन्हींचे फोटो काढून ठेवा, आतल्या मजकुरापेक्षा बाहेरचा शिक्का कधीकधी जास्त कामाचा असतो. फोटो असेल तर मागची बाजू बघा, स्टुडिओचा शिक्का आणि गावाचं नाव असतं.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, पण "काय आठवतं का" असं विचारू नका. नेमकं विचारा. हुद्दा काय होता, सारंग, टंडेल, सुकाणी, आगवाला, भंडारी, की गोव्याकडचे असतील तर सलूनमध्ये स्टुअर्ड? बरोबर गावातलं आणखी कोण होतं? पगार की पेन्शन आणायला कोण कुठे जायचं? बोट बुडाली होती का, आणि नंतर घरी यायला किती महिने लागले? गावातले लोक एकाच सारंगाबरोबर, म्हणजे खलाशांच्या मुकादमाबरोबर, भरती व्हायचे, म्हणून शेजारच्या घरातली वहीसुद्धा तुमच्या बोटीचं नाव देऊ शकते. गोव्याच्या तारवट्यांसाठी, म्हणजे तिकडच्या खलाशांसाठी, मुंबईतले कूड, म्हणजे गावागावाचे क्लब, तिथेही विचारा, जुन्या सभासदांच्या वह्या आहेत का ते.

बोटीचं नाव घरी बहुतेक वेळा मोडकंतोडकं आठवतं. ते टाकाऊ समजू नका, कारण त्या काळच्या कंपन्यांची नावं ठेवायची पद्धत ठरलेली होती. "सिटी ऑफ काहीतरी" म्हणाले तर एलरमन कंपनी. "क्लॅन" म्हणाले तर क्लॅन लाइन. "जल" ने सुरू होणारं नाव, जलराजन, जलपद्म, तर सिंदिया, वालचंद हिराचंद आणि मंडळींनी १९१९ मध्ये काढलेली आपली कंपनी. हिंदुस्थानातल्या एखाद्या जागेसारखं नाव आणि शेवटी "आ", तर ब्रिटिश इंडिया, जिला सगळे बीआय म्हणायचे. "म" ने सुरू होणारं, माहसीर, मानार, तर ब्रॉकलबँक. "एम्पायर" ने सुरू होणारं म्हणजे युद्धकाळातली ब्रिटिश सरकारची बोट, "फोर्ट" म्हणजे कॅनडात बांधलेली. एवढ्यावरून यादी हजारांवरून पंचवीस-तीसवर येते, मग ती यादी घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. कानाला ओळखीचं नाव लागलं की माणूस पटकन म्हणतो, हेच!

बोटीची ओळख पक्की करा, इथे घाई नको

नाव सापडलं म्हणजे बोट सापडली असं नाही. एकाच नावाच्या दोन-दोन बोटी असायच्या, बुडालेल्या बोटीचं नाव कंपन्या नवीन बोटीला द्यायच्या, आणि विकली गेली की बोटीचं नाव बदलायचं. ऑफिशियल नंबर मात्र ब्रिटिश नोंदणीत असेपर्यंत बदलत नाही. म्हणून तो नंबर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

नंबर मिळवायचा लॉइड्स रजिस्टरमधून, म्हणजे बोटींच्या दरवर्षी छापल्या जाणाऱ्या यादीतून. १९३० ते १९४५ ची पानं स्कॅन करून ऑनलाइन फुकट ठेवलेली आहेत, प्लिमसोल शिप डेटा ह्या नावाने शोधा. एका ओळीत नाव, जुनी नावं, नंबर, टनेज, कुठे आणि कधी बांधली, मालक कोण, सगळं असतं. बारीक अक्षरात आणि संक्षेपात आहे, पण पहिल्या पानावरची संक्षेपांची यादी बाजूला उघडी ठेवली तर वाचता येतं. बोट टाइन नदीकाठी बांधलेली असेल तर टाइन बिल्ट शिप्स, स्कॉटलंडमधली असेल तर क्लाइडशिप्स, ह्या दोन साइट जुन्या बोटींच्या प्रेमापोटी चालवल्यात आणि फार विश्वासाच्या आहेत. बीआयच्या बोटींसाठी पी अँड ओ हेरिटेजच्या माहितीपत्रिकाही बघा, कारण १९१४ मध्ये बीआय पी अँड ओच्या पंखाखाली गेली.

नाव बदलण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या घरचंच आहे. दरवर्षी ५ एप्रिलला नॅशनल मेरिटाइम डे असतो तो ज्या बोटीमुळे, ती सिंदियाची लॉयल्टी, १९१९ मध्ये मुंबईहून इंग्लंडला निघालेली. पण ती आधी कॅनेडियन पॅसिफिकची एम्प्रेस ऑफ इंडिया होती, १८९० च्या सुमारास बांधलेली, पॅसिफिकमधून जपानला ये-जा करणारी. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती घेतली, हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ-जहाज केली, नाव लॉयल्टी. आता जो कोणी फक्त "लॉयल्टी" शोधेल त्याला पहिली चोवीस-पंचवीस वर्षं दिसणारच नाहीत, आणि जो फक्त एम्प्रेस शोधेल त्याला युद्धच दिसणार नाही.

पुढच्या पायऱ्या समजायला सोप्या जाव्यात म्हणून एकच बोट धरून चालूया: बीआयची गेरसप्पा. शरावतीचा गिरसप्पा धबधबा आपल्याला माहीत आहे, त्याच्यावरूनच नाव. १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये टाइनकाठच्या जॅरोला बांधलेली, सव्वापाच हजार टनांच्या आसपास, कोळशावर चालणारी मालवाहू बोट. बांधायला घेतली तेव्हा तिचं नाव वॉर रोबक होतं, कारण पहिल्या महायुद्धातल्या सरकारी नमुन्याच्या बोटींना "वॉर" लावायचे. म्हणजे हिच्याही कागदांची सुरुवात दुसऱ्याच नावाने होते.

खरा खजिना: हालचालींचं कार्ड

लंडनमध्ये क्यू इथे ब्रिटनचं नॅशनल आर्काइव्ह्ज आहे. तिथल्या नोंदींना अक्षरं आणि आकडे असतात, त्यातला बीटी ३८९ हा आकडा पाठ करा. ही दुसऱ्या महायुद्धातल्या व्यापारी बोटींच्या हालचालींची कार्डं. एक बोट, एक कार्ड, कधी दोन-तीन कार्डं. कुठल्या बंदरात कधी आली, कधी गेली, पुढे कुठे जायचं होतं, कधीकधी काय माल होता, दुरुस्ती, अपघात, आणि बोट गेली असेल तर शेवटी तशी नोंद. आर्काइव्ह्जच्या डिस्कव्हरी नावाच्या कॅटलॉगमध्ये बोटीचं नाव इंग्रजीत टाकायचं, बाजूला बीटी ३८९ टाकायचं, आणि स्कॅन थोडे पाउंड भरून उतरवून घ्यायचा. शोधायला पैसे लागत नाहीत, उतरवायलाच लागतात. लंडनला भाचा-पुतण्या असेल तर तो रीडर्स तिकीट फुकट काढून, स्वतःच्या मोबाइलने जे कागद ऑनलाइन नाहीत त्यांचेही फोटो काढू शकतो. अशा नातेवाइकाला नेमका नंबर देऊन पाठवा, "जरा बघ ना आजोबांचं काही मिळतंय का" असं सांगून पाठवलंत तर बिचारा दिवसभर फिरून रिकाम्या हाताने येईल.

कार्ड वाचायला वेळ लागतो. हाताने लिहिलेलं, घाईत, पेन्सिल आणि शाई दोन्ही, बंदरांची नावं कापलेली, आणि एकाच ओळीत कधी आल्याची तारीख, कधी सुटल्याची. माझा सल्ला असा की पहिल्या वाचनात काहीही अर्थ लावायचा नाही, जसं दिसतं तसं उतरवून घ्यायचं, न लागलेल्या अक्षराला प्रश्नचिन्ह. दुसऱ्या वाचनात नकाशा शेजारी ठेवायचा. बंदराचं नाव लागत नसेल तर आधीचं आणि नंतरचं बंदर बघा, मधल्या दिवसांत बोट कुठे पोचू शकते तेवढीच बंदरं शक्य असतात.

त्यासाठी हिशोब सोपा आहे. त्या काळची मालवाहू बोट ताशी ८ ते १० सागरी मैल जायची, म्हणजे दिवसाला साधारण १९० ते २४०. मुंबई ते एडन साडेसोळाशेच्या आसपास, म्हणजे एकट्याने गेली तर आठवडाभर. मुंबई ते मोंबासा चोवीसशेच्या आसपास, दहा-बारा दिवस. तुमच्या वाचनाप्रमाणे बोट मुंबईहून एडनला तीन दिवसांत पोचत असेल तर एकतर तारीख चुकलीय नाहीतर बंदर. उलट महिना लागला असेल तर मधे कुठेतरी थांबलीय आणि ते बंदर कार्डावर यायचं राहिलंय, ते दुसरीकडे शोधा.

कॉन्व्हॉय

युद्धात बऱ्याच बोटी ताफ्याने जायच्या, आजूबाजूला आरमारी संरक्षण. प्रत्येक ताफ्याला अक्षरं आणि नंबर. एचएक्स म्हणजे कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून ब्रिटनला, एसएल म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनहून, म्हणजे फ्रीटाउनहून ब्रिटनला, बीपी म्हणजे मुंबईहून इराणच्या आखातात आणि पीबी म्हणजे उलट, बीएम म्हणजे मुंबईहून मलाया-सिंगापूरकडे. आरनॉल्ड हेग ह्या माणसाने आयुष्यभर बसून ह्या ताफ्यांच्या याद्या जुळवल्या आणि त्या कॉन्व्हॉयवेब ह्या साइटवर फुकट बघायला मिळतात. बोटीचं नाव टाकलं की ती कुठल्या कुठल्या ताफ्यात होती ते येतं, आणि बंदरांच्या तारखाही येतात. बीटी ३८९ चं कार्ड आणि हेगची यादी शेजारी ठेवून ओळ ओळ ताडून बघायची, बहुतेक ठिकाणी जुळतात, जिथे एक-दोन दिवस इकडे तिकडे आहे तिथे दोन्ही लिहून ठेवायच्या.

गेरसप्पा डिसेंबर १९४० मध्ये कलकत्त्याहून निघाली. माल होता लोखंड, चहा आणि चांदी, शिवाय टपालाच्या थैल्या. आफ्रिकेला वळसा घालून फ्रीटाउनला आली आणि ३० जानेवारी १९४१ ला एसएल ६४ ताफ्यातून ब्रिटनकडे निघाली. इथे नवख्याचा पाय घसरतो, कारण त्याच सुमाराला एसएलएस ६४ नावाचा वेगळा, सावकाश जाणाऱ्या बोटींचा ताफाही समुद्रात होता आणि १२ फेब्रुवारीला जर्मन युद्धनौका ॲडमिरल हिपरने त्याच्या सात बोटी बुडवल्या. एक अक्षर जास्त आहे एवढाच फरक. घाईत वाचणाऱ्याने गेरसप्पा त्या हल्ल्यात सापडली असं लिहून टाकलं की पुढचा सगळा शोध चुकीच्या रस्त्याने जातो. ताफ्याचं नाव अक्षर अक्षर तपासा, आणि त्याच्या यादीत तुमच्या बोटीचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आणि ताफ्यात नाव आहे म्हणजे शेवटपर्यंत ताफ्यातच होती असंही नाही. हवामान खराब झालं, गेरसप्पाकडे कोळसा पुरेना, तेव्हा ती फेब्रुवारीच्या मध्याला ताफा सोडून एकटी आयर्लंडमधल्या गॉलवेकडे वळली. हिंदी महासागरात तर कित्येक बोटी मुळात एकट्याच जायच्या. त्यामुळे कॉन्व्हॉयवेबवर काही आलं नाही तर बोट तेव्हा रिकामी उभी होती असा अर्थ काढू नका.

बोट बुडाली असेल तर

हा भाग मनाला लागणारा आहे, पण कागद सगळ्यात जास्त इथेच मिळतात.

जर्मन पाणबुडीने मारलेली बोट असेल तर यूबोट डॉट नेटवर तिचं पान असतं: कुठली पाणबुडी, कुठली जागा, किती माणसं, कुठून कुठे चालली होती. जपानी पाणबुडी असेल तर कंबाइन्ड फ्लीट ह्या साइटवर त्या पाणबुडीच्या रोजच्या हालचाली आहेत, आपल्या अरबी समुद्रासाठी त्या बघायलाच हव्यात. मग क्यूमध्ये एडीएम १९९, त्यात आरमाराच्या माणसांनी वाचलेल्या अधिकाऱ्यांच्या घेतलेल्या मुलाखती आहेत. बोटीवर हल्ला कसा झाला, होड्या कशा सोडल्या, कोण कसं वागलं, हे पानं भरभरून. एक लक्षात ठेवून वाचा, मुलाखत जवळजवळ नेहमी गोऱ्या अधिकाऱ्याची आहे. खलाशांबद्दल त्याचं जे मत आहे ते त्याचं आहे. सारंगाला कोणी विचारलेलं नाही. तारखा, जागा, माल, होड्यांची संख्या हे घ्या, आपल्या माणसांबद्दलचे शेरे मात्र दुसरा पुरावा मिळेपर्यंत बाजूला ठेवा.

गेरसप्पाला यू १०१ ह्या पाणबुडीने टॉर्पेडो मारला. काही ठिकाणी तारीख १६ फेब्रुवारी मिळेल आणि काही ठिकाणी १७. दोन्ही बरोबर असू शकतात, कारण हल्ला रात्री झाला, जर्मन पाणबुडीचं घड्याळ जर्मन वेळेवर चालायचं आणि बोटीवरचं स्थानिक वेळेवर, पाणबुडीवर मध्यरात्र उलटलेली आणि बोटीवर नाही. म्हणून एका दिवसाचा फरक दिसला की आधी घड्याळ कोणाचं ते बघा. बोटीवरून सुटलेल्या एका होडीत सेकंड ऑफिसर रिचर्ड आयर्स होता, बरोबर बरेच आपले खलाशी. तेरा दिवसांनी, १ मार्चला ती होडी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याला लागली. सगळ्या बोटीवरचा तो एकटा जिवंत राहिला. त्या होडीतल्या खलाशांची नावं त्याच्या कहाणीत सहसा कोणी छापत नाही, आणि तेवढ्याचसाठी तरी हा शोध आपल्याकडच्या लोकांनी घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

२०११ मध्ये ही बोट जवळजवळ ४,७०० मीटर खोलीवर सापडली, मग चांदी वर काढली, आणि त्याच्याबरोबर टपालातली ७०० च्या वर पत्रंही वर आली, सत्तर वर्षं समुद्राच्या तळाशी राहून वाचता येण्यासारखी. म्हणजे अवशेष शोधणाऱ्यांचे अहवाल आणि संग्रहालयांची प्रदर्शनं हाही एक स्रोत आहे.

मुंबईकरांना जवळची असलेली तिलावा घ्या. बीआयचीच, १९२४ ची, दहा हजार टनांची प्रवासी बोट. नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईहून मोंबासा आणि पुढे डर्बनकडे निघाली, ९५० हून जास्त माणसं, बरेचसे गुजराती प्रवासी, आणि पोटात २,३६४ चांदीच्या लगडी, दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी. २३ नोव्हेंबरला आय २९ ह्या जपानी पाणबुडीने तिला बुडवलं, २८० माणसं गेली, बाकीच्यांना मुख्यतः एचएमएस बर्मिंगहॅमने उचलून मुंबईला आणलं. ती चांदी २०१७ मध्ये वर काढली, मालकीचा वाद ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये निकाल लागला. तो निकाल ऑनलाइन फुकट आहे आणि त्यात चांदी कोणी, कशी, कुठल्या कागदावर चढवली हे वकिलांनी खणून काढलेलं आहे. बोटीवर कधी कोर्टकचेरी झाली असेल तर ते निकालपत्र जरूर वाचा, दोन्ही बाजूंनी तपासलेली माहिती दुसरीकडे क्वचित मिळते.

आता माणूस

बोट आणि तारखा हातात आल्या की खलाशांच्या यादीकडे वळायचं. दुसऱ्या महायुद्धातल्या क्रू लिस्ट आणि लॉगबुकं क्यूमध्ये बीटी ३८१ मध्ये आहेत, बोटीच्या ऑफिशियल नंबराप्रमाणे बांधलेली, म्हणून तो नंबर मोठ्या अक्षरात लिहायला सांगितला. हिंदी खलाशांचा करार बहुतेक वेळा वेगळा असायचा, तो मुंबई किंवा कलकत्त्याच्या शिपिंग ऑफिसात सही व्हायचा, त्यामुळे गठ्ठ्यात फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांची यादी दिसली तर तिथे थांबू नका, पुढची पानं उलटा, लस्कर क्रूची, म्हणजे हिंदी खलाशांची, यादी वेगळ्या कागदावर असू शकते. आणि बोट लॉगबुकासकट बुडाली असेल तर शेवटच्या सफरीचं लॉगबुक नसणारच, आधीच्या सफरी बघा.

१९१५ साल असेल तर नशीब चांगलं, त्या वर्षाच्या क्रू लिस्ट पूर्ण टाइप करून फुकट ठेवल्यात, साडेसात लाखांहून जास्त नोंदी, नावाने, बोटीने आणि जन्मगावाने शोधता येतात. १८६३ ते १९३८ मधल्या बाकीच्या वर्षांसाठी कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीचं मेरिटाइम हिस्टरी आर्काइव्ह, तिथे सुमारे ७० टक्के कागद आहेत, ईमेल करून पैसे भरून प्रती मागवता येतात.

माणूस युद्धात गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साइट. लोक लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर नाव शोधतात, तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या जवळजवळ २४,००० व्यापारी खलाशांची नावं आहेत, पण आपल्या हिंदी खलाशांची तिथे नाहीत. ती बॉम्बे-चितगाँग स्मारकाच्या वहीत आहेत, सुमारे ६,५०० नावं, अखंड हिंदुस्थानच्या आरमाराची आणि व्यापारी बोटींवरची मिळून. ते स्मारक मुंबईत मशीद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये आहे, वही तिथे ठेवलेली असते. पहिल्या महायुद्धातल्या २,००० हून जास्त खलाशांचं स्मारकही तिथेच. मुंबईत राहून कितीतरी जणांना हे माहीत नाही. आधी चौकशी करून, वेळ ठरवून जा, घरच्या थोरांना घेऊन जा.

साइटवर शोधताना नावाने कमी आणि बोटीच्या नावाने जास्त शोधा. एका बोटीची सगळी नावं एकदम आली की बापाचं नाव, गाव, जिल्हा बघत जायचं, काही नोंदींत ते दिलेलं असतं. स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका. रत्नागिरीचंच चार प्रकारे लिहिलेलं सापडतं, गावांचं तर विचारू नका. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. नाव मोठ्याने इंग्रजी उच्चारात म्हणून बघा आणि मग आपल्या कोणत्या नावाशी जुळतं ते ठरवा. आडनाव नसतंच पुष्कळदा, नुसतं नाव आणि बापाचं नाव.

शौर्यासाठी काही मिळालं असेल तर लंडन गॅझेटमध्ये छापलेलं असतं, फुकट शोधता येतं, सारंग आणि टंडेल लोकांची नावं तिथे आहेत.

आपल्याकडची दप्तरं आणि पेपर

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागार, दिल्लीच्या नॅशनल आर्काइव्ह्जचं अभिलेख पटल पोर्टल, त्यावर घरून "लस्कर", "सीमेन", "सारंग" हे शब्द आणि बोटीचं नाव इंग्रजी अक्षरांत टाकून बघा. आखातातल्या सफरी असतील तर कतार डिजिटल लायब्ररी, तिथे इंडिया ऑफिसच्या फायली पानासकट फुकट आहेत. जुन्या मराठी पेपरांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथ संजीवनी हे पोर्टल.

पेपर वाचताना सेन्सॉर विसरायचा नाही. बोटीची नावं, तारखा, बंदरं छापायला बंदी होती. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळ्याने भरलेली फोर्ट स्टिकिन ही बोट फुटली, अर्धी मुंबई हादरली, सोन्याच्या विटा घरांवर पडल्या, सिंदियाची जलपद्म उचलून धक्क्यावर फेकली गेली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी ते सविस्तर सांगितलं, पण इथल्या बातमीदारांना ते बाहेर पाठवायची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. म्हणून घटनेच्या दिवसाचा पेपर बघून "काही नाही" म्हणून उठू नका, पुढचे दोन-तीन महिने चाळा, आणि युद्ध संपल्यावरचे १९४५-४६ चे अंकही. परदेशी पेपरांसाठी ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह, न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट, सिंगापूरचं न्यूजपेपरएसजी, तिन्ही फुकट.

त्याच फोर्ट स्टिकिनचा शेवटचा प्रवास सरावासाठी घ्या, कारण पडताळायला पुष्कळ छापील माहिती आहे. २४ फेब्रुवारी १९४४ ला इंग्लंडमधलं बर्कनहेड सोडलं, जिब्राल्टर, पोर्ट सैद, मग कराची, तिथे कापसाच्या गाठी चढल्या, आणि १२ एप्रिलला मुंबई. पोटात १,३९५ टन दारूगोळा आणि त्याच्या जोडीला कापूस. सात आठवड्यांच्या ह्या प्रवासाची मधली तारीख तारीख कार्डावरून आणि ताफ्यांच्या याद्यांवरून तुम्ही स्वतः भरून बघा. एकदा हे जमलं की घरच्या बोटीला हात घालायला भीती वाटत नाही.

सगळं मांडायचं कसं

एक साधी शीट करा. रकाने: तारीख, बंदर, आली की गेली, ताफा, कुठल्या कागदावरून, आणि किती खात्री. शेवटचे दोन रकाने कधीही रिकामे ठेवायचे नाहीत. "कुठल्या कागदावरून" मध्ये पूर्ण नंबर लिहा, स्कॅनच्या फाइललाही तेच नाव द्या, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही ही तारीख आणली कुठून. जिथे तीन आठवडे रिकामे आहेत तिथे रिकामेच ठेवा. घरात एखादी गोष्ट चालत आली असेल, पणजोबांनी अमुक ठिकाणी बोट वाचवली वगैरे, तर ती वेगळ्या पानावर, कोणी सांगितली आणि कधी सांगितली ह्यासकट लिहा. ती खोटी आहे असं नाही, पण कार्डावरच्या तारखांमध्ये मिसळली की नंतर कोणालाच सोडवता येत नाही. पुढे कधीतरी एखादा कागद येतो आणि ती गोष्ट जागेवर बसते, असं मी बघितलंय, आणि त्या दिवशी घरात जो आनंद होतो तो सांगता येत नाही.

नंतर तीच शीट घेऊन वहीतल्या चढल्या-उतरल्याच्या तारखा वेगळ्या रंगात टाका. ज्या ओळी त्या दोन तारखांच्या मधे आहेत तेवढ्याच तुमच्या माणसाच्या सफरी. बोट १९३९ ते १९४५ फिरली असेल, माणूस त्यातले चौदा महिनेच असेल, बाकीचं दुसऱ्या कोणाच्या पणजोबांचं आहे, त्यामुळे शीट स्वतःपुरती ठेवू नका, गावातल्या ज्या घरातली माणसं त्या बोटीवर होती त्यांना सगळ्यांना द्या.

आणि शोधात जर असं निघालं की तुमचा माणूस बोटीबरोबर गेला पण वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत त्याचं नाव नाही, किंवा नाव आहे पण गाव चुकलंय, तर कमिशनला लिहिता येतं. पुरावा जोडायचा, वही, पेन्शनचा कागद, क्रू लिस्टची प्रत, जे असेल ते, मूळ कागद पाठवायचे नाहीत, स्कॅनच पाठवायचे. उत्तराला वेळ लागतो, पण ते लोक तपासतात. अर्ज इंग्रजीत करा, नावाचं आणि गावाचं आजचं स्पेलिंग आणि यादीतलं स्पेलिंग दोन्ही शेजारी शेजारी लिहा, आणि बोटीचा ऑफिशियल नंबर पहिल्याच ओळीत टाका.